पाव्हण्यांची वेगळी चारी

सोपानरावांच्या डाळिंबाला ताण देऊन बत्तीस दिवस झाले होते, आणि झाडांच्या आधी सोपानरावच वाळायला लागले होते.

डाळिंबाचं असं असतं, की फुलं हवी असतील तर आधी झाडाला सव्वा महिना, दीड महिना पाण्यावाचून ठेवावं लागतं. आता आपलं काही खरं नाही, असं झाडाला मनापासून वाटलं पाहिजे. मग ते पानं टाकतं, जीव गोळा करतं आणि पहिलं पाणी मिळताच घाबरून फुलतं. मध्येच कुणी पाणी सोडलं तर झाडाला कळतं, की हे लोक नुसती भीती घालतायत. मग ते निवांत पालवी फोडतं, फुलांचं नाव घेत नाही, आणि शेतकऱ्याचं वर्ष जातं. शेळगावात हे सांगावं लागत नाही. ताणाच्या दिवसांत सोपानराव बागेच्या बांधावरून कुणाला भरलेला तांब्या घेऊनसुद्धा जाऊ देत नसत.

अजून दहा दिवस काढायचे होते आणि परवा गावची जत्रा होती.

जत्रेला सोपानरावांची हरकत नव्हती. हरकत होती ती पाव्हण्यांच्या बोटांना. बागेची मोटर फोनवरून चालू-बंद करायचा एक डबा अजितने, म्हणजे त्यांच्या मुलाने, दोन वर्षांपूर्वी स्टार्टरला बसवला होता. घरच्या वायफायला फोन जोडला, की ‘मोटर’ नावाचं पान आपोआप उघडायचं. वर मोठ्या अक्षरांत ‘बंद आहे’ किंवा ‘चालू आहे’, खाली एक हिरवं बटण, एक लाल. या पानाला पिन होता, पण तो सोपानरावांनीच काढायला लावला होता. चार आकडे आठवेपर्यंत मोटर जळेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्या जत्रेला डाळजच्या एका पाव्हण्याने वायफाय मागून घेतलं आणि सवयीने समोर दिसेल ते दाबलं. आधी मोटर सुरू झाली. मग त्याने फोनवर लावलेली कोंबड्यांच्या खुराड्याची जाहिरात देवाला नैवेद्य दाखवताना घरातल्या टीव्हीवर उमटली. तेव्हा बागेला ताण नव्हता, म्हणून निभावलं. खुराडं मात्र बनाबाईंना, म्हणजे सोपानरावांच्या बायकोला, अजून स्वप्नात दिसे.

“औंदा पासवर्डच द्यायचा न्हाय,” सोपानरावांनी जाहीर केलं.

“आन पाव्हण्यांनी मागितला तर?” बनाबाई म्हणाल्या. “वायफाय न्हाय म्हनून सांगायचं? मटणाला मीठ न्हाय म्हनून सांगा त्यापरीस.”

“मग मोटरीचा फ्यूज काढतो.”

“काढा. गेणबाभावजींची मोटर बी त्याच पेटीवर हाय. त्येंच्या उसाचं पाणी बंद झालं, की पुढची तीन वर्सं भांडत बसा.”

फ्यूजचा विषय तिथेच संपला. भावकी आणि फ्यूज या दोन गोष्टी सोपानराव शक्यतो हलवत नसत.

तेव्हा सून वृषाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “आबा, पाव्हण्यांचं नेटवर्क वेगळंच करूया की.”

वृषालीने लग्नाआधी बारामतीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन वर्षं काढली होती. दोनशे पोरं आणि चाळीस मशीन यांच्यामध्ये उभं राहायची तिला सवय होती. आपल्या सासऱ्याला तंत्रज्ञानाचं वावडं नाही, पण ते पाण्यासारखं वाहत नसेल तर पटत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

“वेगळं म्हंजे दुसरं कनेक्शन?”

“नाही. तार तीच. त्यातच दोन भाग करायचे. व्हीलॅन म्हणतात त्याला. एका भागात आपला टीव्ही, कॅमेरा, मोटरीचा डबा. दुसऱ्यात पाव्हणे. त्यांना इंटरनेट मिळणार, पण आपलं काही दिसणार नाही.”

“म्हंजे एक कॅनॉल आन दोन चाऱ्या.”

“बरोबर.”

“पर तार एकच म्हनतीस. एका पाइपातनं दोघांचं पाणी जायचं आन मिसळायचं न्हाय? आसलं पाणी म्या साठ वर्सांत बगितलं न्हाय.”

वृषालीने क्षणभर विचार केला. “आबा, डेअरीचा टेम्पो एकच असतो ना? त्यात लाल पट्टीचे कॅन एका गावाचे, निळ्या पट्टीचे दुसऱ्या गावाचे. रस्ता एक, टेम्पो एक. तरी दूध मिसळतं का?”

“मिसळत न्हाय,” सोपानराव म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, “डायवरनं मिसळलं न्हाय तर.”

“इथं ड्रायव्हर मी आहे.”

दुसऱ्या दिवशी ती बारामतीहून नेटवर्कचा एक नवीन स्विच घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं उभं केलं. मोटरीच्या डब्याची तार ठिबकच्या जुन्या नळीतून घरापर्यंत आधीच आणलेली होती. घरामागे बाग ऐंशी पावलांवर. ती तार तिने लाल पट्टीत, म्हणजे घरच्या भागात घातली, टीव्हीही घातला. मग फोनवर दोन नावं दिसू लागली. एक ‘घर’. दुसरं ‘पाव्हणं’. ‘पाव्हणं’चा पासवर्ड तिने कागदावर लिहून ओसरीच्या खांबाला चिकटवला. ‘घर’चा पासवर्ड फक्त घरच्या चार माणसांत राहणार होता.

सोपानरावांनी स्वतः पाव्हणा होऊन चाचणी घेतली. अंगणात उभं राहून फोन ‘पाव्हणं’ला जोडला. मोटरीचं पान उघडेना.

“दिसत न्हाय!” ते आनंदाने ओरडले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “दिसतच न्हाय?”

“आबा, ‘घर’वर या, दिसेल.”

ते ‘घर’वर आले. मोटर बंद आहे, असं दिसलं. ते झोपायला गेले आणि पहाटेपर्यंत चार वेळा ‘घर’वर येऊन गेले.

जत्रेच्या दिवशी सकाळी नऊला पहिला आला तो गेणबा. गेणबा सोपानरावांचा चुलतभाऊ. घर शंभर पावलांवर, तरी जत्रेला तो धुतलेला शर्ट घालून, पाव्हण्यासारखा समोरच्या दाराने येई. खांबावरचा कागद त्याने वाचला, फोन काढला, आणि ‘पाव्हणं’च्या डोक्यावर त्याला ‘घर’ दिसलं.

“आबा, ह्ये काय?”

“काय?”

“दोन-दोन वायफाय? एक घरच्यांचं आन एक भाईरच्यांचं?”

“तसं न्हाय गेणबा. सूनबाईनं चारी केलीया वायली. पाव्हण्यांसाठनं.”

“मग मी कुठल्या चारीवर?”

सोपानराव खांबावरच्या कागदाचा कोपरा दाबून चिकटवू लागले. तेच उत्तर होतं आणि गेणबाने ते नीट पाहिलं.

“आपला आजा एक, बांध एक, फ्यूजची पेटी एक. आन म्या पाव्हणा?” गेणबाने फोन खिशात ठेवला. “ऱ्हाऊंद्या. मला वायफायच नगं. आमच्याकडं हाय मोबाईलचं. येत न्हाय, ती गोष्ट येगळी.”

जत्रेच्या दिवशी भाऊबंद उपाशी उठून गेला तर गाव वर्षभर बोलतं. सोपानरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गेणबाच्या कानात ‘घर’चा पासवर्ड सांगितला. सोपानरावांचा कानातला आवाज गोठ्यापर्यंत जात असे. तोवर ओसरीवर सात पाव्हणे येऊन बसले होते.

साडेनऊला जावई आला. राजवर्धन बारामतीचा, अबोल माणूस. त्याने खांबावरचा कागद पाहिला, फोन पालथा घातला आणि म्हणाला, “मी जरा पडतो आतमध्ये.” जावई जत्रेच्या दिवशी सकाळी साडेनऊला पडतो, याचा अर्थ सासरी सगळ्यांना कळतो. पाठोपाठ लेक रेश्मा स्वयंपाकघरात गेली आणि तिने वृषालीच्या हातातली परात धरली.

“वैनी, ह्यांना पाव्हण्यांचं दिलंय ते एक ऱ्हाऊंद्या. मला बी तेच?”

“वन्सं, तो फक्त एक भाग आहे हो, नेटवर्कचा—”

“ह्या घरात माजा जलम झाला. त्या खांबाला टेकून म्या बाराखडी शिकले. आज त्याच खांबावर माज्यासाठी ‘पाव्हणं’ लिवलंय!” तिने पदर डोळ्याला लावला.

बनाबाईंना व्हीलॅन समजलं नव्हतं, पण रडणं समजलं. “दे गं तिला घरचं,” त्या म्हणाल्या, “मेलं ते यंत्र मानसापरीस मोठं हाय व्हय?”

दहा वाजता वृषालीने लॅपटॉप उघडून पाहिलं. ‘पाव्हणं’वर शून्य फोन होते. ‘घर’वर एकोणीस. एकोणीस फोनांवर लाल आणि हिरवी बटणं उघडी पडली होती, आणि त्यातला एक फोन गेल्या वर्षीच्या डाळजच्या पाव्हण्याचा होता.

बांध घातला होता, पक्का घातला होता. पण सगळा गाव बांध ओलांडून आत येऊन बसला होता आणि आत येण्यातच सगळ्यांचा मान होता. नाही म्हणायला गेलं तर बाग वाचली असती, नाती जळाली असती.

ती मागच्या अंगणात गेली. अजित मटणाच्या पातेल्यापाशी धुरात उभा होता.

“मी नावं बदलते,” ती हळूच म्हणाली.

“कुणाची?”

“नेटवर्कची. लाल पट्टीला नाव देते ‘पाव्हणं’, निळीला ‘घर’. पासवर्ड पण उलटे. सगळे ‘घर’वरच राहतील, खूश राहतील, आणि मोटर कुणालाच दिसणार नाही.”

अजितने पळी थांबवली. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी बायकोकडे नव्याने बघावं लागेल, असे क्षण अधूनमधून यायचे. “आबांना सांगू नको. आबांना सांगितलं, की भोंग्यावर सांगितल्यासारखं.”

दोन मिनिटांत काम झालं. ओसरीवर कुणाला काही जाणवलं नाही. गेणबा ‘घर’वर समाधानाने कुस्त्या बघत होता. राजवर्धन उठून बसला होता. खांबावरचा कागद वृषालीने तसाच ठेवला. त्याच्याकडे आता कुणी फिरकणार नाही, याची तिला खात्री होती. तिने माणसं बरोबर ओळखली होती. फक्त आपल्या बापाला ती विसरली.

पण त्याआधी ती सोपानरावांना विसरली होती. दहा मिनिटांत ते फोन उंच धरून आत आले.

“डबा दिसंना! वृषाली, मोटर गेली!”

“आबा, हळू,” तिने त्यांना दाराआड घेतलं. “तुम्ही ‘पाव्हणं’ला जोडा. तिथं दिसेल.”

“क्काय?”

“आजच्या दिवस. नंतर सांगते.”

सोपानरावांनी मागे पाहिलं. ओसरीवरून गेणबा बघत होता, जावई बघत होता, डाळजचा पाव्हणा बघत होता.

“माज्या घरात म्या पाव्हणा?” ते म्हणाले. आवाज अर्थातच गोठ्यापर्यंत गेला. “हितं भावकी घरात, जावई घरात, आन मालक भाईर? म्या न्हाय जोडायचा!”

जोडलं नाही, म्हणून दिसेना. दिसेना, म्हणून राहवेना. मग सोपानराव चालत निघाले.

बागेत स्टार्टरच्या पेटीत एक ‘ऑटो’ची कळ असते. ती वर केली, की लाईट येताच मोटर आपोआप सुरू होते. रात्री-बेरात्री लाईट आली तर शेतकऱ्याला उठावं लागू नये म्हणून. खाली केली, की फोनवरून चालू करेपर्यंत मोटर गप्प. कळ खालीच होती. सोपानरावांनी ती पाहिली. पण नुसतं पाहून त्यांचं समाधान होईना. खाली म्हणजेच बंद ना? की वर म्हणजे बंद? चौतीस दिवसांत हात लागला नव्हता. त्यांनी कळ वर केली, खटका ऐकला, खाली केली, खटका ऐकला, आणि परत आले. अंगणात पोचेपर्यंत त्यांना वाटलं, शेवटचा खटका नेमका कुठला?

ते पुन्हा गेले.

अकराच्या एसटीने सावळाराम आले. वृषालीचे वडील. मोरगावकडचे, बाजरी आणि शेळ्या यांवर घर चालवलेले. हातात हुलग्यांची पिशवी, डोक्याला घट्ट टोपी. सावळारामांचं सारं आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलं होतं, त्यामुळे वाहतं पाणी दिसलं, की त्यांना स्वस्थ बसवत नसे. त्यांनी दारात अर्ध्या तांब्यात पाय धुतले, उरलेला अर्धा जास्वंदीला घातला. अंगणातल्या टाकीचा नळ ठिबकत होता, तो घट्ट केला. बनाबाई भांडी घासत होत्या, त्यांच्या मागून हात घालून नळ बंद केला. “चालू ऱ्हायला वाटतं, विहीणबाई.” मग ओसरीवरच्या कूलरमध्ये पाणी खळखळताना ऐकलं आणि त्याचंही बटण बंद केलं. अर्ध्या तासात सगळी ओसरी घामाने भिजली, पण व्याह्याला कोण बोलणार?

“सावळारामराव, ‘घर’ला जोडा फोन,” गेणबा उदारपणे म्हणाला. आता ते त्याचंच असल्यासारखं.

“छ्या छ्या,” सावळारामांनी कानाला हात लावला. “लेकीच्या घरी बापानं पाव्हण्यावानीच ऱ्हावं. आमी एक घास खाऊन सांजच्या एसटीनं जानार. आमाला ह्ये खांबावरचं बास.”

आणि भिंग लावून, एकेक अक्षर जुळवून त्यांनी फोन ‘पाव्हणं’ला जोडला.

पान उघडलं. ‘मोटर बंद आहे.’ ते कसं घालवायचं, हे त्यांना कळेना. आणि खरं म्हणजे घालवावंसंही वाटेना. पाणी बंद आहे, असं इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते पान बघत बसले. बघताना त्यांच्या जिवाला बरं वाटत होतं.

इकडे सोपानरावांच्या फेऱ्या चालू होत्या. तिसऱ्या फेरीला लोक हसले. सहाव्या फेरीला राजवर्धनने विचारलं, “आबांना पोटाचं काही आहे का?” आठव्या फेरीला बनाबाईंनी ओव्याची पूड काढून ठेवली. प्रत्येक वेळी ते कळ वर करत, खाली करत, परत येत, आणि अंगणात पोचताच शेवटचा खटका विसरत.

अकराव्या फेरीला त्यांनी कळ वर केली, तेवढ्यात गेणबाची हाक आली. “आबा! पंगत खोळंबलीया! मालकाबिगर कोन घास घेनार?”

सोपानराव कळीकडे बघत उभे राहिले. कळ वर. मोटर गप्प. एक मिनिट थांबले. तरी गप्प. त्यांच्या डोक्यात स्वच्छ प्रकाश पडला: चालत नाही, म्हणजे बंदच आहे. घरात लाईट होती, पण शेतीच्या लाइनवर सकाळपासून नव्हतीच, ही गोष्ट त्या प्रकाशात दिसली नाही. पेटीचं झाकण लावून ते परत आले, हात धुतले आणि चौतीस दिवसांत पहिल्यांदा शांत चित्ताने जेवायला बसले.

पंगत रंगली. अजित रस्सा वाढत होता, वृषाली भाकरी. सोपानरावांच्या डाव्या हाताला गेणबा, उजव्या हाताला सावळाराम. सावळारामांचा फोन ताटाशेजारी उभा, पेल्याला टेकवलेला. दुसऱ्या भाकरीला दुरून घुर्रघुर्र असा आवाज आला.

“लाईट आली,” गेणबा कान देऊन म्हणाला. “माजी मोटर चालू झाली बगा.”

सोपानरावांचा घास रश्शात बुडाला तो वर आलाच नाही. “आली?”

त्याच वेळी उजव्या हाताला हालचाल झाली. सावळारामांच्या उजव्या हाताला रस्सा होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं, फोनवर काहीतरी शोधलं, दोनदा चुकलं, मग दाबलं. सोपानरावांनी वाकून पाहिलं. तीच पाटी. तीच बटणं.

“पाव्हणं! काय दाबलं तुमी?”

“अं? काय न्हाय, ह्ये आपलं...”

सोपानराव ताटावरून उठले. जत्रेच्या पंगतीतून मालक उष्ट्या हाताने उठलेला शेळगावाने कधी पाहिला नव्हता, म्हणून सगळी पंगत उठली आणि मागोमाग बागेत गेली.

मोटर बंद होती. पण पहिल्या झाडाच्या बुडाशी, ठिबकच्या नळीखाली, बशीएवढी ओल होती.

सोपानराव त्या ओलीशेजारी बसले.

“पाणी लागलं,” ते म्हणाले. “चौतीस दिस राखलं. आन व्याह्यानं पाणी लावलं.”

सगळ्यांनी सावळारामांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “हात लावला म्या,” ते म्हणाले. “लेकीच्या घरी खोटं बोलनार न्हाय. चुकलं माजं.”

“तरी म्या म्हनत हुतो ‘घर’ला जोडा,” गेणबा म्हणाला.

वृषाली हातातली भाकरीची टोपली घेऊनच उभी होती. बापाची टोपी तिने याआधी एकदाच अशी हातात पाहिली होती, तिच्या लग्नात, सासरच्या मंडळींपुढे. ती वळली, घरात गेली आणि लॅपटॉप उघडाच घेऊन पळत आली.

“आबा, ह्या डब्यात नोंद राहते. कोणी कधी चालू केली, कोणी बंद. वाचू?”

“काय वाचतीस? बगितलं न्हवं सगळ्यांनी.”

“‘बारा एक्केचाळीस. मोटर चालू. स्टार्टरच्या ऑटो कळीवरून.’” ती थांबली. “‘बारा त्रेचाळीस. मोटर बंद. फोनवरून.’ फोनचं नाव, सावळाराम.”

राजवर्धन वाकून लॅपटॉपवरची ओळ वाचू लागला.

“म्हंजे त्येंनी चालू न्हाय केली?” गेणबा म्हणाला.

“बंद केली,” वृषाली म्हणाली.

सगळ्यांच्या माना हळूहळू स्टार्टरच्या पेटीकडे वळल्या. राजवर्धनने जाऊन झाकण उघडलं. कळ वर होती.

“आबा,” गेणबा म्हणाला, “सकाळधरनं अकरा येळा हितं तुमीच आलता.”

“मी बंद हाय का बगाया आलतो!”

“मग बंद हाय का ते बगितलं कसं?”

सोपानरावांनी आभाळाकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, शेवटी गेणबाकडे पाहिलं.

“चालू करून,” ते म्हणाले.

हसायला आधी कुणी सुरुवात केली हे सांगता येणार नाही. बहुधा बनाबाईंनी. सावळाराम मात्र हसले नाहीत. ते अजून खुलासा करत होते. “मला मोटरीचं काय ठावं न्हाय, सोपानराव. फोनवर आलं, चालू आहे. पाणी चालू हाय आन मानूस जेवतोय, ह्ये मला बगवंना. दाबलं लाल.”

दोन मिनिटांत नळ्यासुद्धा भरत नाहीत. ओल बशीएवढीच होती, आणि ती वैशाखाच्या उन्हाने दुपार कलेपर्यंत पिऊन टाकली.

सोपानरावांनी व्याह्याच्या हातातली टोपी घेतली आणि स्वतः त्यांच्या डोक्यावर ठेवली. “पाव्हणं, सांजची एसटी जाऊंद्या. पाणी सोडंस्तवर तुमी हितनं हालायचं न्हाय.”

“लेकीच्या घरी मुक्काम? आमच्यात चालत न्हाय.”

“तुमी लेकीच्या घरी न्हाय. बागंच्या राखनीला हाय.”

अशा रीतीने सावळाराम लेकीच्या घरी पहिल्यांदाच राहिले, तेही आठ दिवस. ओसरीवर खांबाला टेकून, समोर फोन ठेवून ते बसत. सोपानराव दर पाच मिनिटांनी विचारत, “काय म्हनती?” ते म्हणत, “बंद.” सोपानरावांच्या फेऱ्या थांबल्या. बनाबाईंनी ओव्याची पूड परत ठेवली. कूलर मात्र आठ दिवस कुणाला लावता आला नाही.

बेचाळिसाव्या दिवशी बागेची बहुतेक पानं गळाली होती. झाडांची खात्री पटली होती, की आता काही खरं नाही. सगळं घर बांधावर उभं राहिलं. सोपानरावांनी नारळ फोडला आणि म्हणाले, “पाव्हणं, मान तुमचा. दाबा हिरवं.”

सावळारामांनी भिंग लावलं. बोट पुढे केलं, मागे घेतलं. मग डोळे मिटून दाबलं. मोटर घुरघुरली, नळ्या फुगल्या, पहिल्या झाडाखाली थेंब पडला, मग दुसऱ्या. सोपानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा पाहिलं तर थेंब थांबले होते.

“आरं, काय झालं? लाईट गेली?”

सावळाराम फोन पाठीमागे लपवत होते.

“लई झालं की, सोपानराव,” ते म्हणाले. “पार वाहाया लागलं हुतं.”

त्या दुपारी वृषालीने वडलांचा फोन मागून घेतला आणि ‘पाव्हणं’वरून काढून ‘घर’ला जोडला. नावं अजून उलटीच होती; मोटरीचं पान नाहीसं झालं. सावळारामांनी फोन हातात घेऊन ते नाव पुन्हापुन्हा वाचलं.

“पोरी,” ते म्हणाले, “आखरीला मला घरात घेतलंस गं.”

वृषाली उठली. तिने ओसरीवरचा कूलर लावला.